"बाई, झालं!" म्हणणाऱ्या मुलांचं आपण काय करतो?

वर्गाला १० उदाहरणं द्यावीत, बाकीची मुलं अजून तारीख लिहीत असावीत आणि खिडकीजवळून आवाज यावा, "बाई, झालं." २२ वर्षं शिकवतेय, हा आवाज दर वर्षी येतो. सुरुवातीची कित्येक वर्षं माझं त्यावर एकच उत्तर असायचं, "मग पुढची १० कर."

या उत्तरानं काय होतं ते मला चौथीतल्या एका मुलामुळे कळलं. सहा महिन्यांत त्याचा वेग इतरांइतका झाला. मला वाटलं, चला, पोरगं स्थिरावलं. एकदा वह्या तपासताना त्याची वही चुकून मागून उघडली. शेवटच्या पानावर पेन्सिलीनं ठिपक्यांचे चौकोन काढलेले. एक ठिपका, त्याला काटकोनात लागून तीन, मग पाच, मग सात. खाली बारीक अक्षरात: १+३=४, १+३+५=९, १+३+५+७=१६. विषम संख्या ओळीनं मिळवत गेलं की वर्गसंख्या येते हे त्याचं त्यानं शोधलं होतं, आणि का येते तेही ठिपक्यांतून दाखवलं होतं. वर्गसंख्या आम्ही तोवर शिकवल्याच नव्हत्या. वहीच्या पुढच्या बाजूला मात्र हातच्याच्या बेरजा, सावकाश, सुवाच्य. लवकर संपवलं की आणखी तेच करावं लागतं, हे ओळखून तो वेळ काढत होता. ती वही हातात धरून मी बराच वेळ बसून राहिले.

तेव्हापासून स्वाध्यायातली सगळ्यांत अवघड पाच उदाहरणं मी वेगळी दाखवते. ज्याला वाटेल त्यानं आधी तीच सोडवायची. पाचातली चार बरोबर आली की उरलेला स्वाध्याय माफ, आणि त्या वेळात वेगळं काहीतरी: कोडं, स्वतः उदाहरण तयार करणं, एखादा नियम कुठे चालत नाही ते शोधणं. हे सगळ्या वर्गाला खुलं आहे. पहिल्याच आठवड्यात हात वर केला तो एका मागच्या बाकावरच्या मुलीनं. हुशार मुलांच्या माझ्या मनातल्या यादीत ती नव्हतीच.

तुमच्याकडे काय घडलं? शिक्षकांनी, पालकांनी, आणि जे स्वतः असं मूल होते त्यांनीही लिहा. फसलेले प्रयोगही लिहा.

एक माजी विद्यार्थिनी

मी ते मूल होते. माझं झालं की बाई म्हणायच्या, "तू हुशार आहेस ना, मग हिला समजावून सांग." अधूनमधून आवडायचं. पण सातवीपर्यंत रोज तेच. शिकवताना माझंही पक्कं होत होतं, हे खरं, पण माझ्या ताटात नवीन काही पडत नव्हतं.

त्याची किंमत कॉलेजात कळली. पहिल्या वर्षी गणिताचा पेपर राहिला. अभ्यास करायचा म्हणजे नक्की काय, हेच मला ठाऊक नव्हतं. न समजणाऱ्या पानाशी तासभर बसून राहायची वेळ शाळेत कधी आलीच नव्हती. एक उदाहरण अडलं की वाटायचं, मी हुशार नव्हतेच, सगळ्यांची फसवणूक केली. शिक्षकांना कळकळीनं सांगते, या मुलांना आठवड्यातून एकदा तरी अडेल असं काम द्या, आणि अडल्यावर शेजारी बसा.

एक पालक

आमच्या मुलीला एक इयत्ता पुढे बसवलं. अभ्यास पहिल्या महिन्यात जमला, हात मात्र चालेना. डोक्यात पूर्ण परिच्छेद तयार आणि कागदावर दोन ओळी. बारा वर्षांच्या मुलांची पुस्तकं वाचणारी ही आठ वर्षांची पोर खोडरबर हरवला म्हणून रडायची. आम्हीसुद्धा "एवढी मोठी पुस्तकं वाचतेस आणि रडतेस काय" असं बोलून गेलो. ते बोलायला नको होतं. बुद्धी, हात आणि मन एकाच वेगानं वाढत नाहीत. वर्गशिक्षकांनी काही उत्तरं तोंडी घ्यायला सुरुवात केली आणि गाडी रुळावर आली. इयत्ता ओलांडल्याचा आम्हाला पश्चात्ताप नाही. पण तिची तयारी आणि तिची स्वतःची इच्छा दोन्ही बघूनच ठरवा.

एक विशेष शिक्षिका

वाचनात अडखळणारी हुशार मुलं सगळ्यांत जास्त निसटतात. हुशारी अडचणीला झाकते, अडचण हुशारीला. दोन्ही मिळून मूल "साधारण" दिसतं. माझ्याकडच्या एका मुलाला फळ्यावरचं वाक्य वाचता येत नव्हतं, पण घड्याळ उघडून कोणतं चक्र कोणाला फिरवतं ते तो बिनचूक सांगायचा. धडा वाचून ऐकवला की त्याचे प्रश्न वर्गात सगळ्यांच्या पुढचे असायचे.

एकाच चाचणीवर विसंबू नका. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियात बुद्धिमान मुलांचा मोठा अभ्यास सुरू केला. बुद्ध्यंक कमी पडला म्हणून त्यातून वगळलेल्या मुलांत विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ होते. पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, १९५६ आणि १९६८ मध्ये.

एक विज्ञान शिक्षक

माझा उपाय छोटा आहे: प्रश्नांची वही. तास थांबवणारा प्रश्न आला की त्यात उतरवायचा, शुक्रवारी उघडायचा. "डोंगरावर गेलं की सूर्याच्या जवळ जातो, मग थंडी का वाढते?" हा सहावीतला प्रश्न. त्यावर हवा जमिनीकडून तापते आणि वर जाताना पसरून थंड होते इथपर्यंत वर्ग पोचला. नापास होणारी दोन मुलंही त्यात होती.

एक शिक्षक

हे सगळं पटतं, पण वर्गात ६० मुलं आहेत. ज्यांना अजून वाचता येत नाही त्यांना आधी बघू, की यांना?

बाई

सर, वाचता न येणारी मुलं आधी, यात दुमत नाही. माझ्या वर्गात ५४ आहेत. म्हणूनच मी वेगळा तास घेत नाही, वेगळी वही काढत नाही. फळ्यावर पाच उदाहरणांपुढे खडूनं चांदणी काढते, एवढंच. मुलं चांदणीत गुंतली की ती १५ मिनिटं मला वाचनाच्या गटाजवळ बसायला मिळतात. कधी चांदणी काढायची राहिली तर मुलंच आठवण करून देतात.