मदत हवी आहे : आईला घेऊन सिंधुदुर्ग किल्ला, लातूरहून

नमस्कार मंडळी. आम्ही लातूरचे. संक्रांत झाली की आईला घेऊन दोन-तीन दिवस मालवणला जावं म्हणतोय. आईचं वय 68, समुद्र अजून पाहिलेला नाही.

कुरटे बेटावर महाराजांनी 1664 मध्ये बांधायला घेतलेला किल्ला, महाराजांच्या हाताचा नि पायाचा ठसा, शिवराजेश्वराचं मंदिर, हे सगळं तिला सांगून झालंय. पण तिचं मन अडकलंय ते दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींत. चहूकडं खारा समुद्र आणि मधी गोडं पाणी! 2016 साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा ती पहाटं चारला उठून घागरी रांगेत लावायची. आता रोज विचारते, "त्या आडातलं पाणी प्यायला मिळंल का रे?"

तिचे गुडघे दुखतात. होडीत चढता-उतरताना आधार मिळतो का? धक्क्यावर पायऱ्या किती? किल्ल्यात मंदिरापर्यंत आणि विहिरींपर्यंत तिला हळूहळू चालत जाता येईल का?

गाडी आमचीच आहे. सोलापूर, कोल्हापूर करून पुढं गगनबावड्याचा घाट बरा की फोंड्याचा? वळणांनी तिला मळमळतं. कोल्हापुरात मुक्काम करावाच लागेल, असं वाटतंय.

आणि धक्क्याजवळ तळमजल्यावर खोली, शाकाहारी जेवण मिळेल असं घरगुती ठिकाण माहीत असेल तर नक्की सांगा. आई माळकरी आहे.