चाळीत पहिल्या मजल्यावरून तिसऱ्यावर ६० मीटर नेट केबल न्यायची आहे, कोणती घेऊ?

गिरगाव_तिसरा_मजला

नमस्कार. एकाच चाळीत आमच्या दोन खोल्या आहेत. पहिल्या मजल्यावर सासूबाई राहतात, फायबरचं कनेक्शन आणि राउटर तिथेच. मी तिसऱ्यावर, गॅलरीच्या पार दुसऱ्या टोकाला. रोज संध्याकाळी ६ ते ९ दहावीच्या मुलांचे गणिताचे ऑनलाइन क्लास घेते.

तीन वर्षांपूर्वी ओळखीच्या एका माणसाने करड्या रंगाची केबल कठड्याला टाय मारत वर आणून दिली. जिन्यापाशी मध्येच एक जोड आहे, त्यावर चिकटपट्टी गुंडाळलेली. प्लॅन ३०० एमबीपीएस वेगाचा. खाली लॅपटॉपला वायर लावली की २९०च्या पुढे मिळतात, वर त्याच लॅपटॉपवर ९४. कधीही बघा, ९३ नाहीतर ९४. आणि गेल्या जुलैत पावसाची झड आली की नेट बंद. वर्तुळाची स्पर्शिका अर्धी काढून झालेली आणि समोरची २२ मुलं एकदम गायब. दहावीचं वर्ष आहे त्यांचं, मला फार लागतं ते.

आता नवीन केबल टाकायची ठरवलंय. सुतळी धरून सगळा मार्ग मोजला, ५८ मीटर भरला. लॅमिंग्टन रोडला दुकानदार म्हणाला, अंतर लांब आहे तर कॅट ८ घ्या (कॅट म्हणजे केबलचा दर्जा, आकडा मोठा तितका वरचा). घरात कॅट ६ म्हणतात. भाऊ म्हणतो केबलच नको, मेश वायफाय बसव, म्हणजे जागोजागी छोटी यंत्रं ठेवून वायफाय पुढे पोचवायचं. पाऊस सुरू व्हायच्या आत काम उरकायचंय. काय करू?

कळवा_लोकल

मेशच्या फंदात पडू नका ताई. जुन्या चाळींच्या जाड भिंती आणि मध्ये दोन मजले, वायफाय पोचता पोचता अर्धं होणार. वायरच टाका. कॅट ८ मात्र अजिबात नको. ती डेटा सेंटरसाठी असते, तीसुद्धा ३० मीटरपर्यंतच्या अंतरासाठी. वर जाड आणि ताठ, कोपऱ्यात वळता वळत नाही.

जॉइंटर६१

ताई, मी ३१ वर्षं टेलिफोनच्या केबल जोडल्या, त्यातली बरीचशी दक्षिण मुंबईत. आता शेजाऱ्यापाजाऱ्यांची नेटची कामं करून देतो. तुमचा ९४ हा आकडाच सगळं सांगतो.

केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १००च्या वेगाला दोन पुरतात, नारिंगी आणि हिरवी. १ जीबीला, म्हणजे सेकंदाला १ गिगाबिटच्या वेगाला, चारही लागतात. निळी किंवा तपकिरी जोडी कुठे तुटली की दोन्ही टोकांची यंत्रं आपापसात १०० वर तडजोड करतात आणि हातात ९४ येतात. म्हणजे तुमची केबल अर्धी मेलेली आहे, अंतराचा त्यात काही दोष नाही. तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर, त्यात ९० मीटर भिंतीवरची पक्की आणि बाकी पॅच कॉर्ड, म्हणजे यंत्राला जोडायच्या तयार छोट्या वायरी. ५८ मीटर आरामात बसतं. १ जीबीला कॅट ५ई सुद्धा पुरे, पण आज नव्याने टाकताय तर कॅट ६ घ्या. त्यावर १० जीबी साधारण ५५ मीटरपर्यंतच जातं, पण तुम्हाला ते कशाला हवंय!

खरं लक्ष दोन गोष्टींवर द्या. पहिली, तार अस्सल तांब्याची हवी. बाजारात सीसीए नावाची केबल भरपूर मिळते, आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा. मानकांत ती बसतच नाही. तुमच्या जुन्या केबलचा तुकडा कापा, एक तार सोला आणि ब्लेडने खरवडा. आत पांढरी चमक दिसली तर सीसीए. चार-पाचदा वाकवली की मोडते. नवीन घेताना दुकानातच हे करून बघा, लाजू नका. वेष्टनावर 'सॉलिड कॉपर' आणि '२३ एडब्ल्यूजी' (तारेच्या जाडीचं माप, म्हणजे गेज) छापलेलं असतं, आणि दर मीटरला आकडाही. पहिला आणि शेवटचा आकडा वजा करा, दुकानदाराने किती मोजून दिली ते कळेल. ६५ मीटर घ्या.

दुसरी, वेष्टन. गॅलरीत ऊन आणि पाऊस दोन्ही येतात, आणि चौपाटीचा खारा वारा. घरातल्या वापराचं करडं पीव्हीसी तिथे तडकतं. काळ्या पीई (पॉलिइथिलीन) वेष्टनाची आउटडोअर केबल मागा.

शील्डवाली, म्हणजे तारांभोवती धातूचं आवरण असलेली, कोणी गळ्यात मारायला बघेल. तिला नीट अर्थिंग लागतं, आणि चाळीतल्या अर्थिंगवर माझा भरवसा नाही. साधी यूटीपी, म्हणजे शील्ड नसलेली, घ्या.

टाकताना कठड्याला बांधू नका. कठड्यावर लोक टेकतात, गोधड्या वाळत घालतात. आतल्या भिंतीला छताजवळून पीव्हीसी पाईप सॅडलने बसवा आणि त्यातून ओढा. विजेच्या वायरीपासून वीतभर लांब, आणि ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात. गणपतीतल्या रोषणाईच्या वायरी कुठून जातात तेही आत्ताच बघून ठेवा. ओढताना दोन माणसं, एक ढकलणारा, एक ओढणारा. ११ किलोच्या वर ताण नको. कोपऱ्यात निदान इंचभर त्रिज्येचं गोल वळण द्या. खोलीत शिरण्याआधी केबल भोकाच्या खाली झुकवून मग वर घ्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जातं, आत शिरत नाही. भोकही बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा.

मध्ये एकही जोड नको. पाणी शिरलेलं मी जवळजवळ नेहमी जोडातूनच पाहिलंय. दोन्ही टोकांना भिंतीवर आयओ बॉक्स (नेटच्या सॉकेटची डबी) बसवा, तिथे पंच करा, म्हणजे तारा खाचांत दाबून बसवा, आणि पुढे तयार पॅच कॉर्ड. जोड्यांचा पीळ अर्ध्या इंचाहून जास्त उलगडू नका. दोन्हीकडे तारांच्या रंगांचा क्रम तोच, सॉकेटवर 'बी' लिहिलेला.

गिरगाव_तिसरा_मजला

काका, आत्ताच खरवडून बघितलं. आत पांढरं निघालं. दोनदा वाकवली तर तार हातातच आली. जिन्यापाशी पट्टी सोडली, तर जोडाच्या पिनांवर हिरवट थर.

फायबरवाला

एक विचारतो. दोन्ही खोल्या एकाच इमारतीत आहेत ना? चौक ओलांडून दुसऱ्या इमारतीत जायचं असेल तर तांबं नको, फायबर टाका. दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असतं आणि वीज कडाडली की दोन्हीकडची यंत्रं जळतात. तयार टोकांची सिंगल मोड (फायबरचा एक प्रकार) केबल मिळते, दोन्ही बाजूंना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि साधी नेट केबल जोडणारी डबी, लावायचा.

गिरगाव_तिसरा_मजला

एकच इमारत, मीटरसुद्धा सगळ्यांचे एकाच जागी जिन्याखाली.

जॉइंटर६१

मग तांबंच ठीक. पंच करण्याआधी एक काम करा. एका टोकाला निळ्या जोडीच्या दोन तारा सोलून एकमेकींना पिळून ठेवा, दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर ओहमवर, म्हणजे तारेचा रोध मोजायला, लावा. २३ गेजच्या तांब्याला ६० मीटरच्या जाण्या-येण्याचे मिळून ८ ओहमच्या आसपास यायला हवेत. जुन्या केबलवरही हेच करा आणि फरक बघा.

गिरगाव_तिसरा_मजला

रविवारी काम झालं. कमिटीची परवानगी आदल्या आठवड्यातच घेतली होती. शेजारच्या दोन मुलांनी पाईप धरले, मी खालून केबल ढकलली, यांनी वरून ओढली. साडेतीन तास लागले, त्यातला एक तास फक्त जिन्याच्या वळणाला. केबल ६१ मीटर बसली.

नवीन केबलची निळी जोडी ८.४ ओहम. जुनी तोडण्याआधी मोजली, निळी १७, आणि तपकिरीवर आकडाच येईना. खिडकीच्या चौकटीत चिमटून तुटली होती, तीन वर्षं ती खिडकी मीच रोज लावत होते.

आता वर २९६ येतात. काल ६ ते ९ सलग क्लास झाला, एकदाही तुटला नाही. काका, तुमचे उपकार कसे मानू!

जॉइंटर६१

खूप बरं वाटलं वाचून. उरलेली ४ मीटर फेकू नका, वरच्या खोलीत कपाटावर गुंडाळून ठेवा. आणि दोन्ही आयओ बॉक्सच्या झाकणांच्या आत तारीख, ते ८.४ आणि केबलवरचा तिथला मीटरचा आकडा पेनने लिहून ठेवा. पहिला मोठा पाऊस झाला की एकदा निळी जोडी परत मोजा आणि इथे कळवा.