कार्ड बदलण्याआधी विनसॉक रीसेट करून बघा

विंडोज एक्सपीवरचं स्पायवेअर (चोरून माहिती गोळा करणारा प्रोग्राम) काढल्यावर नेट गेलं, असा प्रश्न या धाग्यात विचारलाय. त्यावर कोणीतरी दिलेला नेटवर्क कार्ड बदलण्याचा सल्ला मला पटत नाही. आयपी पत्त्याला पिंग केलं, म्हणजे त्या आकडी पत्त्यावरच्या मशीनला चाचणी संदेश पाठवला, तर उत्तर येतंय, असं प्रश्न विचारणाऱ्यानेच लिहिलंय. म्हणजे कार्ड आणि केबल ठणठणीत आहेत. एक्सपीच्या काळातली बरीच स्पायवेअर विंडोजच्या विनसॉक साखळीत (प्रोग्राम आणि नेटवर्क यांना जोडणाऱ्या भागात) स्वतःची एक डीएलएल फाइल, म्हणजे प्रोग्रामचा तुकडा, घुसवायची आणि ब्राउझरची सगळी ये-जा तिच्यातून व्हायची. साफसफाईत ती फाइल उडते, पण साखळीतली तिची नोंद तशीच राहिली तर मधली कडी निखळते. मग पिंग चालतं आणि पान मात्र एकही उघडत नाही.

एक्सपीचा सर्व्हिस पॅक 2 (2004) असेल तर उपाय विंडोजमध्येच आहे. कमांड प्रॉम्प्टवर ‘नेटश विनसॉक रीसेट’ (netsh winsock reset) ही आज्ञा द्या आणि मशीन रीस्टार्ट करा. काही अँटिव्हायरस आणि फायरवॉलही याच साखळीत बसतात, ते नंतर पुन्हा टाकावे लागतील, एवढी तयारी ठेवा. तरीही अडलंच तर इंटरनेट ऑप्शन्समध्ये कनेक्शन्स, तिथून लॅन सेटिंग्ज उघडा. प्रॉक्सीच्या (मधल्या सर्व्हरच्या) रकान्यात 127.0.0.1, म्हणजे तुमच्याच मशीनचा पत्ता, दिसलं आणि ते तुम्ही टाकलेलं नसेल, तर ती टिक काढा. स्पायवेअर गेल्यावर त्या पत्त्यावर ऐकणारं कोणी उरलेलं नसतं. होस्ट्स फाइल (साइटच्या नावांचे पत्ते लिहिलेली मशीनवरची फाइल) आणि डीएनएसचे, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरचे, आकडेही बघून घ्या. डीएनएसचेंजर नावाच्या व्हायरससारख्या प्रोग्रामने बदललेले आकडे ज्यांच्या मशीनवर तसेच राहिले होते, त्यांचं नेट 9 जुलै 2012 ला त्या आकड्यांवरचे सर्व्हर बंद झाल्यावर असंच गेलं होतं.