शब्दचर्चा: कोळंबीचं 'संवर्धन' आणि जिवाणूंचंही 'संवर्धन'?

वायंगण
रत्नागिरीच्या खाडीपट्ट्यातल्या कोळंबी तलाववाल्यांसाठी पाणीतपासणीची एक पुस्तिका मराठीत करते आहे. सांगायचं थोडकंच. तलावाचं पाणी टीसीबीएस नावाच्या माध्यमावर, म्हणजे जिवाणूंच्या खाद्याच्या गोठलेल्या थरावर पसरायचं, व्हिब्रिओ गटातले जिवाणू त्यावर पिवळे किंवा हिरवे ठिपके होऊन वाढतात, ते मोजायचे, हवा तो ठिपका उचलून दुसऱ्या प्लेटवर वेगळा वाढवायचा. माझ्या हाती आलेल्या जुन्या मसुद्यात हे असं आहे: 'संवर्धन तलावातील जिवाणूंचे आगरावर संवर्धन करून विलगीकरण करावे.' एका तलाववाल्या काकांना वाचायला दिलं. त्यांचा प्रश्न: "जिवाणू तलावात वाढवायचे का? आणि विलगीकरण कोणाचं, कोळंबीचं? कोरोनात माणसं ठेवली तसं?" प्रोबायोटिक म्हणून काही जिवाणू तलावात मुद्दाम सोडतातच, त्यामुळे हा घोटाळा महाग पडेल. काय शब्द वापरू?

रातांबा
'कल्चर' ठेवा. मी चिपळूणला पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. खेड्यातल्या आजीसुद्धा विचारतात, "लघवीचं कल्चर लावलंत का?" हा शब्द लोकांनी कधीच घेतलाय, क्रियापदासकट. कल्चर 'लावतात', प्लेट 'ओततात', ग्रोथ 'येते'. 'संवर्धन केले' असं लॅबमध्ये कोणी म्हणालेलं मी ऐकलेलं नाही.

शुद्धमती
लोक घेतात म्हणून आपण शोधणं सोडायचं का? 'महापौर', 'दिनांक' हे शब्दही कोणीतरी घडवले म्हणूनच मिळाले, आणि ती चळवळ याच रत्नागिरीत सावरकर स्थानबद्ध असताना चालली होती. 'संवर्ध' असा छोटा शब्द करता येतो. जिवाणूंचा संवर्ध, कोळंबीचं संवर्धन. घोटाळा संपला.

रातांबा
एका 'न'वर एवढा भार? छापखान्यात तो 'न' पडला की पुन्हा तेच.

मचवा
माका काय ह्या पटणा नाय. आपल्याकडे 'विरजण' असताना संवर्ध कशाला? थोडं घातलं की सगळं दूध धरतं. हाच तर अर्थ.

सड्यावरची
विरजण चालणार नाही, मचवा. विरजणात कितीतरी जातींचे जिवाणू एकत्र असतात आणि ते तसेच हवे असतात. वायंगणताईंना नेमकं उलट करायचंय: गर्दीतून एकच जात वेगळी काढायची. लूपने, म्हणजे टोकाला कडं असलेल्या तारेने, रेघा ओढतात, प्रत्येक वेळी लूप जाळून पुढच्या रेघा, म्हणजे शेवटी जिवाणू इतके विरळ होतात की एकेकट्यापासून एकेक ठिपका उभा राहतो. त्यातला एक उचलून पुन्हा रेघा. तो ठिपका एकाच जातीचा असल्याची खात्री अशी पटत जाते.

मला यासाठी भातशेतीतला 'राब' जवळचा वाटतो. आधी कवळं (झाडांच्या तोडलेल्या फांद्या), शेण, पालापाचोळा पसरून जमीन भाजायची, तणाचं बी मरतं, मग आपल्याला हवं तेच बी पेरायचं. माध्यम निर्जंतुक करून मग पेरणं यापेक्षा वेगळं काय आहे? बी टाकणं याला 'पेरणे' म्हणा, 'संरोपण' नको.

रातांबा
'पेरणे' आवडलं. पण एक सांभाळा. बहुतेक माध्यमं ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या भांड्यात, 121 अंशांवर 15 मिनिटं ठेवतात, टीसीबीएस मात्र ठेवायचं नाही. ते फक्त उकळून विरघळवतात. राबाचा दृष्टांत देताना कोणी टीसीबीएस भाजायला घेऊ नये. आणि रंगांबद्दल एक ओळ पुस्तिकेत हवीच: साखर आंबवणारे पिवळे दिसतात, न आंबवणारे हिरवे. रंगावरून गट कळतो, नेमकी जात कळत नाही. पटकीचा जिवाणू पिवळाच दिसतो, पण पिवळा प्रत्येक ठिपका पटकीचा नव्हे.

माडबन
माझी अडचण 'आगरावर' या शब्दाची. मी गुहागरचा. आमच्याकडे आगर म्हणजे नारळ-पोफळीची बाग, अलिबाग-पेणकडे मिठागर. 'आगरावर जिवाणू वाढवा' वाचून माणूस पोफळीकडेच बघणार. आता माझा एक तर्क. मीठ आणि माड दोन्ही जिथे पिकतं ते आगर, म्हणजे आकर, खाण. समुद्रातून काढलेली वस्तू ती आगरातली. आपले व्यापारी पूर्वेकडे जातच होते. शब्द इथूनच मलायात गेला नसेल कशावरून?

सड्यावरची
तर्क छान आहे, पण ते मलायी 'अगर-अगर' आहे, लाल समुद्रशैवालाचं आणि त्याच्या चिकाचं नाव. आपल्याकडे ते चायना ग्रास म्हणून पुडीत मिळतं, त्याचा हलवा करतात. प्रयोगशाळेत ते आणलं फॅनी हेसे या बाईंनी, 1881 च्या सुमारास, जर्मनीत. त्यांचे पती वाल्थर हेसे जिवाणुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत काम करत. आधी कॉख उकडलेल्या बटाट्याच्या चकत्यांवर जिवाणू वाढवत. मग जिलेटिन आलं, पण ते उन्हाळ्यात वितळायचं आणि काही जिवाणू ते खाऊन पातळ करायचे. जावात राहिलेल्या ओळखीच्यांकडून फॅनींना अगर माहीत होतं, त्या जेलीत वापरत. एकदा गोठलं की 85 अंशांच्या आसपास तापवल्याशिवाय ते वितळत नाही, म्हणून 37 अंशांच्या उबेतही घट्ट राहतं. पेट्रीची बशी, म्हणजे आपली प्लेट, त्यानंतर, 1887 ची. माध्यमाला फॅनींचं नाव लागलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

मचवा
म्हणजे स्वयंपाकघरातूनच गेलं ना! मग माझं विरजण का नको?

शुद्धमती
बटाटा पोर्तुगीज, अगर मलायी, पेट्री जर्मन. मग मराठीचं काय उरलं?

माडबन
हापूस आणि काजू. तेही पोर्तुगीजांकडून. तरी ते आपलेच आहेत.

खाजण
मुंबईचं एक उदाहरण देतो. हाफकिन या जिवाणुशास्त्रज्ञाने 1897 मध्ये प्लेगची लस केली तेव्हा रश्श्यासारख्या पातळ माध्यमावर तुपाचे थेंब सोडले होते. प्लेगचे जिवाणू त्या तरंगत्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढायचे. त्या पातळ माध्यमाला इंग्रजीत 'ब्रॉथ' म्हणतात, त्याला मराठीत 'द्रव माध्यम' म्हणून सपक करू नका. 'रस्सा' म्हणा. घट्ट ते अगर, पातळ तो रस्सा, आणि 'माध्यम' हा शब्द वर्तमानपत्रवाल्यांना देऊन टाका.

शुद्धमती
सरकारी पुस्तिकेत 'रस्सा' कसा चालेल? मटणाचा वाटेल.

खाजण
मांसाचा अर्क त्यात बहुतेक वेळा असतोच, ताई.

वायंगण
पेरणे आणि ठिपका घेते. ठिपक्याला 'वसाहत' (इंग्रजीतलं कॉलनी) म्हणणं टाळतेय, इथे ती एमआयडीसीचीच वाटते. 'विलगीकरण'ऐवजी 'वेगळे काढणे' लिहू का? 'पृथक्करण' सुचलं होतं, पण माती पृथक्करण म्हणजे आपल्याकडे तपासणी. आणि 'अगर' ऱ्हस्व लिहावं का?

रातांबा
ऱ्हस्व लिहिलंत तर 'बशीत अगर नळीत'चं काय? सरकारी मराठीत अगर म्हणजे किंवा. 'बशीत अगर अगर नळीत ओतावे' असं वाक्य होईल.

माडबन
म्हणून दीर्घच. लिंगावरून वेगळं करा: माडाचं ते आगर, बशीतला तो आगर.

सड्यावरची
आमच्या कॉलेजात 'अगर ओतलं' म्हणायचे, नपुंसकलिंगीच. 'ओतला' कुठे म्हणतात?

रातांबा
आमच्या लॅबमध्ये. 'मीडिया केला, अगर ओतला.' मुंबईकडून आलेलेही असंच म्हणतात. कोल्हापूरचं कोणी आहे का इथे?