ओळख पंखांवरून नव्हे, पोटाच्या टोकावरून

कुणीतरी विचारलंय, कॅडिसफ्लायची (ओढ्याकाठी दिसणारा, पतंगासारखा एक छोटा कीटक) नवी जात पंखांच्या रंगावरून ठरते का? छे, बहुतेक सगळे मातकट तपकिरीच! थायलंडच्या दोई इंथानॉन डोंगरावर हान्स मालिकी आणि पोर्नतिप चांतरामोंगकोल या कीटक-अभ्यासकांनी ओढ्याकाठी दिव्याचे सापळे लावून कितीतरी नव्या जाती शोधल्या. पण खरी किचकट गोष्ट पुढे, जात ओळखण्याची. नराच्या पोटाचं टोक कॉस्टिक पोटॅशमध्ये (एक तीव्र अल्क) ठेवायचं, आतलं मांस विरघळलं की सूक्ष्मदर्शकाखाली जननेंद्रियांचे हुकासारखे भाग, काटे हाताने रेखाटायचे. फोटोपेक्षा रेषाचित्रच कामाचं. माद्यांची मात्र पंचाईत, बऱ्याच जातींत त्या एकसारख्याच दिसतात. आणि वाळूचे कण रेशमाने चिकटवून घर बांधणारी कॅडिसफ्लायची पाण्यातली अळी नेमकी कुठल्या जातीची? त्यासाठी आता डीएनए जुळवून बघतात.