मदत हवी आहे : एकटीने इराणी हॉटेलात निवांत बसण्याबाबत

नमस्कार. पुढच्या महिन्यात एका दिवसापुरती मी एकटीच पुण्याहून मुंबईला जाणार आहे. सकाळी सव्वासातच्या डेक्कन क्वीनने निघून संध्याकाळी पाच दहाच्या त्याच गाडीने परतायचे, आणि मधल्या वेळात धोबी तलावच्या १९०४ सालच्या कयानीमध्ये बसून चहा घेत चित्रवहीत रेखाटने करायची, एवढाच बेत आहे. संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या आणि काचेच्या बरण्यांतली बिस्किटे कागदावर उतरवायची फार दिवसांची इच्छा आहे.

अडचण अशी, की मागे एका इराण्याकडे (नाव सांगत नाही) मी एकटी चार जणांचे टेबल अडवून बसले असता, ब्रुन मस्क्याचा (लोणी लावलेल्या कडक पावाचा) शेवटचा तुकडा चहात बुडवण्याआधीच वेटरने बिल बशीखाली सरकवले. त्याचेही चुकले असे म्हणवत नाही. दारात माणसे ताटकळत होती.

म्हणून जाणकारांना विचारते, की साडेदहा-अकराच्या सुमारास आठवड्यातल्या कोणत्या दिवशी कयानीमध्ये गर्दी कमी असते, आणि थोड्या थोड्या वेळाने काहीतरी मागवत राहिल्यास तासभर बसणे खपते का? चित्र काढण्यापूर्वी गल्ल्यावर परवानगी विचारावी काय? मावा केक घरीही न्यायचा आहे, पण तो दुपारपर्यंत शिल्लक राहतो, की आल्याआल्याच बांधून घ्यावा? तिथे गर्दी असल्यास जवळच १९१३ सालचे ससानियन आहे. एकटीने बसायला त्यातल्या त्यात कोणते बरे, हेही कळवावे.