अमेरिकेतल्या बंदुका: बंदी हवी की परवाना?

मध्यरेषा

अमेरिकेत शाळेत गोळीबार झाला की लगेच एक मागणी पुढे येते: एआर-१५ या अर्धस्वयंचलित रायफलीवर बंदी घाला. माझ्या मते यात जोर चुकीच्या जागी लागतो. एफबीआयच्या २०१९ च्या आकडेवारीत १३,९२७ खून आहेत. त्यातले पिस्तुलांनी झालेले ६,३६८ आणि सगळ्या प्रकारच्या रायफली मिळून ३६४. सुमारे ३,३०० खुनांत बंदुकीचा प्रकार नोंदवलेलाच नाही, तरीही चित्र फारसं बदलत नाही.

अशा रायफलींवरची केंद्राची १९९४ ची बंदी दहा वर्षं टिकली. तिच्यात काही मॉडेलं नावानिशी होती आणि बाकीच्यांसाठी वैशिष्ट्यांची यादी होती: पिस्तुलासारखी मूठ, घडी होणारा दस्ता, संगीन लावायची सोय, गोळीची ठिणगी झाकणारा फ्लॅश सप्रेसर वगैरे. काढता येणारं मॅगझिन (गोळ्यांचा डबा) असलेल्या रायफलीत यातली दोन असली की ती बेकायदा. कंपन्यांनी संगिनीची खाच आणि सप्रेसर काढले आणि जवळजवळ तीच रायफल कायदेशीरपणे विकली. यंत्र तेच, चालतं तसंच.

खरी फट खरेदीच्या पायरीवर आहे. परवानाधारक डीलरकडे खरेदीचा फॉर्म ४४७३ भरायचा, डीलर खरेदीदाराची पूर्वनोंद तपासणाऱ्या एफबीआयच्या निक्स यंत्रणेला विचारतो आणि उत्तर येतं: द्या, थांबा किंवा देऊ नका. 'थांबा' म्हटल्यावर कामाचे तीन दिवस उलटले आणि निर्णय आला नाही, तर डीलर बंदूक देऊ शकतो. २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ जणांना मारणाऱ्याच्या हाती पिस्तूल असंच पडलं. त्याच्या अमली पदार्थांच्या अटकेची नोंद होती, पण तपासणाऱ्यांना योग्य पोलीस खात्याकडून कागद वेळेत मिळाला नाही. शिवाय त्याच राज्यातल्या माणसाला खासगीत बंदूक विकताना केंद्राचा कायदा चौकशी मागतच नाही.

म्हणून मेरीलँडसारखी पद्धत हवी. २०१३ पासून तिथे पिस्तूल घेण्याआधी पात्रता परवाना लागतो: बोटांचे ठसे, चार तासांचं प्रशिक्षण, त्यात किमान एक गोळी प्रत्यक्ष झाडून दाखवणं. अर्जावर तीस दिवसांत निर्णय. इथे घड्याळ डीलरच्या काउंटरवर सुरू होत नाही, त्याआधी सुरू होतं.

रानवाट

रायफलींबद्दल सहमत. परवान्याला ठाम विरोध.

ज्या घटना पुढे करून नवे कायदे मागितले जातात, त्यातल्या कित्येकींत असलेला कायदाच पाळला गेला नव्हता. २०१७ मध्ये टेक्सासमधल्या सदरलँड स्प्रिंग्ज चर्चमधला मारेकरी हवाई दलात असताना घरगुती हिंसाचारात दोषी ठरला होता. त्याला बंदूक विकायला आधीच बंदी होती. हवाई दलाने ती शिक्षा निक्सला कळवलीच नाही. २००७ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठातल्या गोळीबारातही तेच: न्यायालयाने त्या विद्यार्थ्याला स्वतःसाठी धोकादायक ठरवलं होतं, राज्याने ते वर पाठवलं नाही. तिथे ३२ जण गेले, त्यात मुंबईहून वास्तुकला शिकायला गेलेली एक मुलगीही होती. नोंद नसेल तर परवान्याच्या चौकशीलाही हेच रिकामं पान दिसणार.

दुसरं, परवाना म्हणजे कोणाची तरी मर्जी. १९५६ मध्ये माँटगोमेरीत घरावर बॉम्ब पडल्यानंतर मार्टिन ल्यूथर किंग यांनी शस्त्र बाळगायचा परवाना मागितला आणि तो नाकारला गेला. भरलेली बंदूक सार्वजनिक ठिकाणी बाळगायला बंदी घालणारा १९६७ चा कॅलिफोर्नियाचा मल्फर्ड कायदा ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचे लोक उघड्यावर बंदुका घेऊन फिरू लागल्यावर आला. सही गव्हर्नर रेगन यांची. हा इतिहास कृष्णवर्णीयांच्या बाजूने वाचा, मग परवान्याबद्दलची शंका केवळ ग्रामीण गोऱ्यांची वाटणार नाही.

अनुस्वार

रानवाट, मर्जीचा मुद्दा २०२२ आधी बिनतोड होता. सर्वोच्च न्यायालयाच्या ब्रुएन निकालाने बंदूक बाळगायच्या परवान्यासाठीची न्यूयॉर्कची 'सबळ कारण दाखवा' ही अट रद्द केली. पण त्याच निकालाच्या तळटीपेत म्हटलं आहे की ठरलेल्या अटी पूर्ण केल्यावर परवाना द्यावाच लागतो अशा पद्धतींवर न्यायालय शंका घेत नाही. याच आधारावर मेरीलँडचा पात्रता परवाना चौथ्या सर्किटच्या (केंद्रीय अपील न्यायालयाच्या) पूर्णपीठाने २०२४ मध्ये कायम केला आणि २०२५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकायला नकार दिला. मर्जीचा परवाना आणि हक्काचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मध्यरेषा, तुमच्याशीही थोडा मतभेद. रायफल सोडा, पण मॅगझिनची क्षमता सोडू नका. २०११ मध्ये टुसॉनला काँग्रेस सदस्य गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्यावर हल्ला झाला तो ग्लॉक पिस्तुलाने, ३३ गोळ्यांचं मॅगझिन लावून. लोकांनी त्याला आडवा पाडला ते मॅगझिन बदलताना. बदलायला लागणारे ते दोन-चार सेकंद हाच बचाव असतो, मग बंदूक कुठलीही असो.

केतकी

तुम्ही तिघेही खुनांवर बोलताय. २०२३ मध्ये बंदुकीने साधारण ४६,७०० माणसं गेली, त्यातल्या सुमारे २७,३०० आत्महत्या. ही बाजू धाग्यात अजून आलीच नाही याचं मला वाईट वाटतं.

बंदुकीने केलेल्या प्रयत्नांत दहापैकी जवळपास नऊ जण दगावतात. औषधांच्या अतिसेवनात हे प्रमाण फारच कमी आहे. टोकाची ऊर्मी पुष्कळदा थोड्या वेळाची असते आणि प्रयत्नातून वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. त्यामुळे त्या काळात बंदूक हाताशी नसणं यानेच जीव वाचतो. खरेदीची चौकशी इथे अपुरी पडते, कारण बंदूक बहुधा घरात आधीपासून असते, अनेकदा वडिलांची किंवा नवऱ्याची.

मग कुलूप. पिस्तूल विकताना डीलरने कुलूप किंवा सुरक्षित पेटी द्यायलाच हवी असा केंद्राचा कायदा २००५ पासून आहे. ते लावायची सक्ती मात्र केंद्राची नाही. आणि लावतानाही चुका होतात:

केबल लॉकची तार गोळीचं टरफल बाहेर पडतं त्या खिडकीतून घालून मॅगझिनच्या खोबणीतून काढायची असते, म्हणजे स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) बंदच होत नाही. लोक ती नुसती ट्रिगरच्या कडीतून ओवतात, तेव्हा बंदूक भरता येते. ट्रिगर लॉक भरलेल्या बंदुकीवर कधीच लावायचं नाही, लावतानाच ट्रिगर दाबला जाऊ शकतो. गोळ्या वेगळ्या पेटीत, वेगळ्या कुलपात. आणि किल्ली त्याच कपाटाच्या वरच्या खणात ठेवली, तर घरातल्या मुलांपासून काहीच लपत नाही.

मिशिगनमधल्या ऑक्सफर्डचं उदाहरण घ्या. बापाने २६ नोव्हेंबर २०२१ ला ९ मिलिमीटर पिस्तूल घेतलं, ३० तारखेला मुलाने शाळेत चार विद्यार्थी मारले. केबल लॉक पाकिटातच पडून होतं. २०२४ मध्ये आई आणि वडील दोघेही सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरले, प्रत्येकी दहा ते पंधरा वर्षं.

घरात कोणी खचलेलं असेल, तर बंदूक काही आठवडे घराबाहेर ठेवणं कुलपापेक्षा बरं. काही डीलर आणि पोलीस ठाणी ती सांभाळतात. मित्राकडे द्यायची तर आधी राज्याचा कायदा पाहा, कारण काही राज्यांत तात्पुरतं देणंही हस्तांतर धरलं जातं.

रानवाट

केतकी, साठवणुकीबद्दल तुमचं म्हणणं पटतं, आणि बंदूक बाळगणाऱ्या संघटनांनीच हे शिकवायला हवं. सक्तीबद्दल मात्र थांबतो. २००८ च्या हेलर निकालात सर्वोच्च न्यायालयाने वॉशिंग्टन शहराची हीच अट रद्द केली होती: घरातली बंदूक सुटी करून किंवा ट्रिगर लॉक लावून ठेवा. कारण अशी बंदूक स्वसंरक्षणाला उपयोगी पडत नाही. माँटानात किंवा अलास्कात पोलीस यायला तास लागू शकतो. आणि यायलाच हवं असंही नाही: २००५ च्या कॅसल रॉक खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की संरक्षण आदेशाची अंमलबजावणी पोलिसांकडून करवून घेणं हा नागरिकाचा घटनात्मक हक्क नाही. २०२२ मध्ये टेक्सासमधल्या उवाल्डेच्या शाळेत गोळीबार झाला तेव्हा ३७६ अधिकारी जमले होते, तरी मारेकऱ्याला ७७ मिनिटं थांबवलं नाही.

केतकी

म्हणून तर बोटाच्या ठशाने उघडणारी छोटी पेटी पलंगाजवळ. मालकाला काही सेकंद लागतात, मुलाला उघडत नाही. हेलरने कुलूपबंद पेटीच घटनाबाह्य ठरवलेली नाही.

एडिसनकर

अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी, कारण हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ग्रीन कार्ड असेल तर बंदूक घेता येते. एच-१बी (नोकरीच्या), एफ-१ (विद्यार्थी) किंवा पर्यटक व्हिसावर असाल, तर बंदूकच काय, गोळ्या बाळगणंही केंद्रीय गुन्हा आहे. मुख्य अपवाद एकच, एखाद्या राज्याचा चालू मुदतीचा शिकारीचा परवाना. नेमबाजीच्या रेंजवर तासाभरासाठी भाड्याने घेतलेली बंदूकही या मनाईत येते. आईवडील भेटीला आले की हौसेने रेंजवर नेऊ नका. व्हिसा आणि पुढचं ग्रीन कार्ड दोन्ही धोक्यात येतं.

आणि मूल खेळायला दुसऱ्या घरी जाणार असेल, तर "घरात बंदूक आहे का, कुलपात आहे का?" हे सरळ विचारा. तिथे यात कोणाचा अपमान होत नाही.

नोंदवही

परवान्याइतकीच विक्रीची नोंद महत्त्वाची. गुन्ह्यात सापडलेल्या बंदुकीचा माग कसा काढतात पाहा. फ्रेमवरचा अनुक्रमांक पश्चिम व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गच्या सरकारी माग-केंद्राकडे जातो. तिथून कारखाना, मग घाऊक विक्रेता, मग दुकान, आणि दुकानात फॉर्म ४४७३. दुकान बंद झालं असेल तर त्याचे कागद मार्टिन्सबर्गलाच असतात, पण खरेदीदाराच्या नावाने शोधता येतील अशा रीतीने ते ठेवायला मनाई आहे. निक्समधली मंजूर चौकशी २४ तासांत पुसावी लागते. माग फक्त पहिल्या खरेदीदारापर्यंत पोचतो. त्याने खासगीत विकली की संपलं. इलिनॉय राज्यातल्या शिकागोत सापडणाऱ्या कितीतरी बंदुका शेजारच्या इंडियानातून येतात. इलिनॉयचे कायदे कडक असून काय उपयोग?

रानवाट

नोंदणीला माझा विरोध कायम राहील, आणि तो भ्रमातून आलेला नाही. न्यूयॉर्क शहराने १९६७ मध्ये रायफलींची नोंदणी सुरू केली, तेव्हा हेतू फक्त गुन्ह्याचा तपास असा सांगितला होता. १९९१ मध्ये शहराने अर्धस्वयंचलित रायफलींच्या अनेक प्रकारांवर बंदी घातली, आणि मालकांना पत्रं गेली ती त्याच यादीवरून. १९८६ च्या केंद्रीय कायद्यात राष्ट्रीय नोंदवहीला मनाई आहे ती याच भीतीपोटी. माणसाला पात्रता परवाना द्या, शुल्क शून्य ठेवा, तीस दिवसांत उत्तर न आल्यास तो मिळाला असं धरा, नाकारलात तर लेखी कारण आणि अपील द्या. एवढं मान्य असेल तर मी मेरीलँडवर बोलायला तयार आहे. कोणाच्या घरात कुठली बंदूक आहे, ते सरकारला कळायची गरज नाही.

मध्यरेषा

शुल्क शून्य, लेखी कारण आणि अपील, तिन्ही मान्य. मुदत उलटल्यावर आपोआप मंजुरी मात्र अजिबात नाही. चार्ल्सटनला नेमकं तेच झालं होतं.